आजीची सुई आणि बोक्याची सुई

शिरपूरच्या आमच्या घरात गबरू नावाचा दहा वर्षांचा बोका आहे. मागच्या हिवाळ्यात तो सारखा पाणी पिऊ लागला, लघवी वाढली. खाणे भरपूर, तरी पाठीचा कणा हाताला लागू लागला. चालताना मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकू लागले. आमची आजी कित्येक वर्षांपासून इन्सुलिन घेते. ती म्हणाली, "ह्यालेबी मन्हाच आजार लागना का?" आम्ही हसलो. पण धुळ्याला नेऊन रक्त तपासले, तेव्हा आजीचेच खरे निघाले. साखर ४१२! मांजराची साखर साधारण ७० ते १५० असावी लागते.

मांजरालाही मधुमेह होतो. वयस्क, लठ्ठ, नसबंदी झालेल्या आणि बसून खाणाऱ्या बोक्यांना जास्त. मांजर मूळचे मांस खाणारे. आम्ही मात्र त्याला वर्षानुवर्षे दूध-पोळी आणि भात घातला. आता मासळी, अंडे, कोंबडीचे उकडलेले मांस असे डॉक्टरांनी ठरवून दिलेले खाणे असते.

"मांजरावर एवढा खर्च कशाला?" असे शेजारी विचारतात. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले, ते कुत्र्यांवर प्रयोग करून. १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा माणसाला दिले गेले. पुढे हेच औषध बाबासाहेबांनाही घ्यावे लागले. मुक्या प्राण्यांच्या जिवावर आपल्याला जे मिळाले, त्यातले एक युनिट आपण त्यांना परत देतो, एवढेच.

हो, फक्त एक युनिट. सकाळी सातला एक, संध्याकाळी सातला एक. आणि इथेच आमच्या हातून चूक झाली.

आजीच्या इन्सुलिनच्या बाटलीवर ४० लिहिलेले असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. तिची सिरिंज लाल टोपीची. गबरूच्या बाटलीवर १००, त्याची सिरिंज केशरी टोपीची. एका संध्याकाळी केशरी सिरिंज संपल्या. सुई तर सुईच, असे समजून आम्ही आजीची लाल सिरिंज घेतली आणि गबरूचे औषध एका खुणेपर्यंत भरले. लाल सिरिंजची खूण मोठी असते. एकाच्या जागी अडीच युनिट गेले! त्यात त्या दिवशी तो अर्धवटच जेवला होता.

रात्री अकराला गबरू झोकांड्या खाऊ लागला. कानाच्या कडेला टोचून थेंब घेतला, मीटरवर आकडा ४८. आजीने वेळ दवडला नाही. साखरेचे घट्ट पाणी बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळले. घशात ओतले नाही, कारण ते फुप्फुसात जाते. तो सावध झाल्यावर त्याला खाऊ घातले, डॉक्टरांना फोन केला आणि रात्रभर पुन्हा पुन्हा साखर तपासत बसलो. सकाळची सुई डॉक्टरांच्या सांगण्यावरून चुकवली. गबरू वाचला.

त्या रात्रीनंतर आम्ही काही नियम केले. ते आजीलाही लागू आहेत.

१) बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे दर वेळी मोठ्याने वाचावे.

२) आधी साखर तपासावी, मग खाणे, मग सुई. खाल्ले नाही किंवा आकडा कमी आला, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई देऊ नये.

३) सुई नीट टोचली की नाही अशी शंका आली, तर दुसरी देऊ नये. एक वेळ साखर जास्त राहिली तर निभावते. फार कमी झाली तर काही तासांत जीव जातो.

४) एका दिवसाच्या आकड्यावरून डोस वाढवू नये. दवाखान्यात मांजर घाबरते आणि भीतीने साखर चढते. म्हणून घरचे आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावेत. डोस त्यांनीच बदलावा.

५) माणसांच्या मीटरवर मांजराचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी दिसतो, हेही डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

खानदेशचा उन्हाळा इन्सुलिनचा शत्रू. फ्रीज असेल तर बाटली दारातल्या कप्प्यात ठेवावी, बर्फाजवळ नको; गोठलेले इन्सुलिन वाया जाते. फ्रीज नसेल तर दोन मडकी एकात एक ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरावी. आतल्या मडक्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बाटली ठेवावी आणि मडके सावलीत असावे.

लवकर उपचार आणि योग्य खाणे मिळाले, तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे बंदही होते. गबरूचे आकडे आता दोनशेच्या आत आहेत. आमच्या भिंतीवर एकाच खिळ्याला दोन वह्या टांगलेल्या असतात, आजीची आणि गबरूची. तुमच्या घरी कोणी इन्सुलिन घेत असेल, माणूस असो वा मांजर, तर आजच बाटली आणि सिरिंज शेजारी-शेजारी ठेवून दोन्हींवरचे आकडे वाचून पाहा.