दिवसा उगवणारा तारा

खगोलप्रेमी म्हणजे रात्री जागणारा माणूस, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे की, भर दिवसा अंगणात दुर्बीण मांडणाऱ्याकडे शेजारी काहीशा संशयानेच पाहतात. वस्तुतः लहान दुर्बिणीतून ज्याचा पृष्ठभाग तपशिलाने न्याहाळता येतो, असा तारा एकच. आणि तो दिवसा उगवतो.

चार इंची दुर्बीण, तिच्या तोंडावर घट्ट बसविलेला सूर्यगाळक आणि कॅमेरा एवढ्या सामग्रीवर सूर्यडाग उत्तम टिपता येतात: मध्ये गडद छाया, भोवती तंतुमय उपच्छाया. हे डाग खरोखर काळे नसतात. प्रखर चुंबकीय क्षेत्र खालून येणारी उष्णता अडवते, तेथील तापमान उतरते आणि भोवतीच्या झगझगाटात ते काळे भासतात. हवा स्थिर असेल तर सूर्याचा दाणेदार पोतही उमटतो. एकेक दाणा सुमारे हजार किलोमीटर रुंद, आयुष्य मात्र दहाएक मिनिटांचे. खरी अडचण हवेचीच. गच्ची तापली की प्रतिमा उकळत्या पाण्यासारखी थरथरते. म्हणून जाणकार सकाळ गाठतात, गच्चीपेक्षा हिरवळ पसंत करतात, शेकडो छायाचित्रे झरझर घेतात आणि निवडक तेवढीच ठेवतात.

या खटाटोपाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी जर्मनीतील देसाऊ गावचा औषधविक्रेता हाइन्रिख श्वाबे आठवावा. बुधाच्या आत एखादा ग्रह सापडेल या आशेने १८२६ पासून तो रोज सूर्यडाग नोंदवीत बसला. ग्रह सापडला नाही. परंतु १८४३ मध्ये डागांच्या वाढ-घटीचे आवर्तन त्याने जगापुढे मांडले. त्याने ते दहा वर्षांचे मानले होते. आज ते सरासरी अकरा वर्षांचे ठरले आहे. कोडाईकनालला १९०४ पासून घेतलेली सूर्याची छायाचित्रे आजही संशोधकांच्या कामी येतात. पुण्याची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाल्यावर तिची मोठी दुर्बीणही तेथेच गेली. पुण्याने ती गमावली, याची खंत किती जणांना आहे?

आणि शाळांतून काय दिसते? दुर्बीण असलीच तर कपाटात कुलूपबंद, आणि ग्रहणाच्या दिवशी खिडक्या बंद. भीती अनाठायी नाही; गाळकाविना दुर्बिणीतून सूर्य पाहिला तर क्षणात दृष्टी जाऊ शकते. पण त्यावर उपाय कुलूप नव्हे. गाळक नेत्रिकेजवळ लावू नये, तेथे तो उष्णतेने तडकतो. तो पुढच्या भिंगावरच हवा. बाजूच्या शोधक दुर्बिणीवर झाकण घालण्यास विसरू नये. गाळक नसेल तर कोणीही नेत्रिकेला डोळा न लावता पांढऱ्या कागदावर प्रतिमा पाडावी. तीत डाग साऱ्या वर्गाला एकदम दिसतात.