बोट चारची, आपण किती वाजता?

"बोट चारची ना? मग नऊला धक्क्यावर हजर." सासऱ्यांनी जानेवारीतच निकाल देऊन टाकला. आमची क्रूझ होती फेब्रुवारीत, मुलांच्या प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीत. फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनव्हेरलहून निघायचं, बहामा बघायचं आणि परत तिथेच उतरायचं. आई-बाबा मालवणहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती, म्हणून हा सगळा घाट.

नवऱ्याचं गणित वेगळं होतं. त्याच दिवशी पहाटे सहाचं नेवार्कहून विमान घ्यायचं, नऊपर्यंत ओरलँडो, तिथून बंदर साधारण ४५ मैल. "चारला बोट सुटते. सात तास हातात आहेत, आणि दोन खोल्यांचं एका रात्रीचं हॉटेलभाडं वाचतं," असं त्याचं म्हणणं.

एरवी मी पैसे वाचवण्याच्याच बाजूची. पण नेवार्क आणि फेब्रुवारी हे दोन शब्द एका वाक्यात आले की मला बर्फ दिसतो. पहाटेचं विमान रद्द झालं, तर सुट्टीच्या दिवसांत पुढच्या विमानात सहा जागा एकदम कोण देणार? विमानाची तिकिटं आपण वेगळी काढलेली असली, तर आपल्यासाठी थांबायची जबाबदारी बोटीवर नसते. पुढच्या बंदरावर गाठू म्हणावं, तर तेही सोपं नाही. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या बंदरात सहसा उतरवता येत नाही. आणि आपल्या ओळखीच्या बहुतेक क्रूझ बोटी बहामा, पनामा अशा देशांच्या झेंड्याखाली चालतात. त्यामुळे वाटेत अमेरिकेतलंच दुसरं बंदर असलं, तरी तिथे चढता येईल याचा भरवसा नाही. परदेशातल्या बंदरावर चढायचं, तर कंपनीची परवानगी हवी, पासपोर्ट-व्हिसा जागेवर हवेत आणि तिथवरचा खर्च आपला.

हे ऐकल्यावर नवऱ्याने मुकाट्याने आदल्या दिवशीची तिकिटं काढली. त्या दिवशी आमचं विमान चार तास उशिरा सुटलं. रात्री दहाला हॉटेलात बसून आम्ही पिझ्झा खाल्ला, मुलं कंटाळली. त्यापलीकडे काही बिघडलं नाही. हॉटेलचे पैसे वसूल झाले, असं मी एकदाच म्हणाले. (खरं तर दोनदा.)

इथवर मी जिंकले होते. हरले ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

कंपनीने ऑनलाइन चेक-इन करतानाच आम्हाला साडेबाराची वेळ दिली होती. या वेळा उगाच दिलेल्या नसतात. आपण जिला 'आपली बोट' म्हणतो, ती त्याच दिवशी पहाटे आधीच्या सफरीचे हजारो लोक घेऊन बंदराला लागलेली असते. साधारण नऊ-दहापर्यंत ते लोक उतरतात. त्यांच्या बॅगा, त्यांचं कस्टम्स, त्यांना न्यायला आलेल्या गाड्या, सगळं त्याच रस्त्यावर. मग खोल्यांची सफाई, शिधा भरणं, नवीन सामान चढवणं. आपल्याला आत घ्यायला सुरुवात होते ती बहुधा साडेदहा-अकराच्या सुमारास, आणि खोली ताब्यात मिळते एक-दीडनंतर. म्हणजे नऊला गेलेल्या माणसासाठी तिथे काहीही तयार नसतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. नोकरीत असताना शाळेचं वेळापत्रक मीच लावत असे. पण बाबा सात वाजल्यापासून बूट घालून हॉटेलच्या लॉबीत बसले होते. "उशीर झाला तर?" हा एकच प्रश्न, दर दहा मिनिटांनी. पन्नासाव्या वर्षाची सहल, कशाला वाद, असं म्हणून मी गाडी मागवली.

पावणेदहाला आम्ही टर्मिनलच्या दारात होतो. समोरून सुट्टी संपलेल्यांचा लोंढा येत होता. हमालाने मोठ्या बॅगा घेतल्या. दारावरच्या माणसाने कागद बघितला आणि अगदी नम्रपणे सांगितलं, की तुमची वेळ साडेबाराची आहे. आमची गाडी निघून गेली होती. बाहेर बसायला जागा नव्हती. फेब्रुवारी असला तरी फ्लोरिडाचं ऊन ते ऊनच.

आईंना मधुमेह आहे. सातला त्यांनी इन्सुलिन घेतलं होतं आणि हॉटेलातला नाश्ता न आवडल्यामुळे अर्धाच खाऊन ठेवला होता. सव्वाअकराच्या सुमारास त्या गप्प झाल्या. हात हातात घेतला तर थंड घाम आणि थरथर. त्यांचे तिळाचे लाडू, बिस्किटं, ग्लुकोजची पावडर, सगळा खाऊचा डबा मी स्वतः नीट बांधून मोठ्या बॅगेत ठेवला होता, आणि ती बॅग हमालाबरोबर गेली होती. त्या क्षणी पोटात जे धस्स झालं ते अजून आठवतं. वाचवलं ते धाकटीच्या दप्तरातल्या ज्यूसच्या छोट्या खोक्याने. तिथल्या एका कर्मचारी बाईने व्हीलचेअर आणून आईंना आत सावलीत नेलं. पंधरा-वीस मिनिटांनी त्या बोलायला लागल्या, तेव्हा पहिलं वाक्य होतं, "फार गोड होतं गं ते."

पुढे सगळं सुरळीत झालं. गंमत अशी, की आम्ही कागदपत्रं दाखवून बोटीवर जात होतो, तेव्हा साडेबाराला आलेली कुटुंबं जवळपास आमच्याबरोबरच आत शिरली. गार गाडीतून उतरून, न दमता.

आता कोणी विचारलं, तर मी सांगते: विमान आदल्या दिवशीचं, आणि बंदरावर दिलेल्या वेळेलाच. औषधं, खाऊ आणि पासपोर्ट, ग्रीन कार्ड असेल तर तेही, खांद्यावरच्या पिशवीत; कारण मोठ्या बॅगा खोलीच्या दाराशी येईपर्यंत संध्याकाळही होते. मात्र चारची बोट म्हणून साडेतीनला पोचणंही चालत नाही. प्रवाशांची पक्की यादी सुटण्याच्या किमान ६० मिनिटं आधी सरकारकडे पाठवावी लागते, म्हणून चेक-इन तास-दीड तास आधी बंद होतं. कॅनव्हेरलला तर शेजारीच केनेडी स्पेस सेंटर. रॉकेट उडणार असेल, त्या दिवशी रस्ते तुंबतात. शिवाय सुटण्यापूर्वी आपत्कालीन सराव सगळ्यांना सक्तीचा असतो. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली, ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम कडक झाले.

त्या संध्याकाळी बाबा डेकवर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या वेळी भाऊच्या धक्क्यावरून मालवणला बोट असायची. डेकवर ज्याची वळकटी आधी पडेल त्याची जागा. एकदा आईला उपचारांनंतर घरी नेत होतो, आणि मला उशीर झाला. ती रात्रभर जिन्यापाशी बसून होती, इंजिनाच्या धगीत." एवढंच. मी पण काही बोलले नाही. नऊचा आकडा कुठून आला होता, ते आत्ता कळत होतं.

तिसऱ्या दिवशी नासाऊला आम्ही वेळेच्या दोन तास आधी बोटीवर परतलो होतो. बाबांची आज्ञा, आणि या खेपेला मला ती मान्य होती, कारण आत गार हवा होती आणि बसायला आपली खोली. सुटायच्या बेताला वरून दिसलं, दोन तरुण मुलं हातात चपला घेऊन धक्क्यावरून जिवाच्या आकांताने पळत येत होती. रेलिंगला गर्दी जमली, लोक टाळ्या वाजवायला लागले. बाबा सगळ्यांत पुढे वाकून ओरडत होते, "धाव रे मेल्या, धाव!"

मुलं पोचली. आई खुर्चीतूनच म्हणाल्या, "यांना नऊला बोलवायला हवं होतं."