समुद्रकाठचे घर आणि कॅम रॅम्झीचे प्रौढत्व

वयात येणाऱ्या नायकाची कादंबरी बहुधा घराचा उंबरठा ओलांडण्यापासून सुरू होते. नायक घर सोडतो, शहरात जातो, ठेचा खातो आणि त्यातून घडतो. नायिकेच्या वाट्याला हा मार्ग क्वचितच येतो. तिची जडणघडण घराशी असलेल्या नात्यातूनच व्हावी लागते. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘टू द लाइटहाउस’ (१९२७) या कादंबरीतील कॅम रॅम्झी ही या दृष्टीने अभ्यसनीय व्यक्तिरेखा होय. चर्चा बहुधा श्रीमती रॅम्झी, चित्रकार लिली ब्रिस्को आणि धाकटा जेम्स यांच्याभोवती फिरते. कॅमकडे त्या मानाने कमी लक्ष जाते.

या कादंबरीमागे एक खरे घर आहे. लेखिकेचे वडील लेस्ली स्टीफन यांनी कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्ज येथे टॅलंड हाउस भाडेपट्ट्याने घेतले होते. १८८२ ते १८९४ पर्यंतचे उन्हाळे कुटुंबाने तेथे घालविले. उपसागरापलीकडे गॉड्रेव्हीचे दीपगृह दिसे. १८९५ च्या मे महिन्यात आई वारली आणि ते घर सुटले. त्या वेळी व्हर्जिनिया तेरा वर्षांच्या होत्या. वडिलांच्या निधनानंतर, १९०५ साली, भावंडे त्या परिसरात पुन्हा गेली. पण घर आता दुसऱ्यांचे होते. कादंबरीत स्थळ स्कॉटलंडमधील स्काय बेट आहे, आणि सतरा वर्षांची कॅम त्याच घरात परत येते. म्हणजे वयात येताना त्या घराला सामोरे जाण्याची जी संधी लेखिकेला लाभली नाही, ती तिने कॅमला दिली.

पहिल्या भागातील कॅम सात वर्षांची, वाऱ्यासारखी धावणारी मुलगी आहे. मुलांच्या खोलीत भिंतीवर रानडुकराची कवटी टांगलेली असते. जेम्सला ती हवी असते. कॅमला तिच्या भीतीने झोप येत नाही. आई आपली शाल कवटीभोवती गुंडाळते. कॅमपुरती भीती झाकली जाते, आणि जेम्सपुरती कवटी जागच्या जागी राहते. पुढील दहा वर्षांत आई जाते, बहीण प्रू जाते, भाऊ अँड्र्यू महायुद्धात मारला जातो. आणि ओसाड घरात ती शाल घडीघडीने सुटत जाते. आईने घातलेले पांघरूण गळून पडल्यानंतरच कॅमचे प्रौढत्व सुरू होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

तिसऱ्या भागात वडील दोघा मुलांना नावेतून दीपगृहाकडे नेतात. वडिलांच्या जुलमाला अखेरपर्यंत विरोध करायचा, असा बहीणभावांचा मूक करार असतो. वडील किनाऱ्यावरचे आपले घर दाखवू पाहतात. कॅमला ते ओळखता येत नाही. दिशाही कळत नाहीत का, असे ते विचारतात. पण लगेच त्यांना खंत वाटते आणि ते तिच्या कुत्र्याच्या पिलाची चौकशी करू लागतात. कॅमला उत्तर द्यावेसे वाटते, पण उत्तर दिले तर करार मोडतो. जेम्सला विरोध सोपा जातो. त्याला एकच भावना सांभाळायची आहे. कॅमला दोन सांभाळायच्या आहेत. वडिलांची दंडेली तिला असह्य आहे. पण त्यांच्या अभ्यासिकेत, पुस्तकांच्या सान्निध्यात, मनातला विचार निर्भयपणे उमलू देता येतो, हेही तिने अनुभवले आहे. ज्याच्यापासून सुटायचे त्याच्याच दालनात विचार करायला शिकायचे, हा तिच्यापुढील पेच आहे. मुलगे केंब्रिजला गेले आणि मुलींचे शिक्षण मुख्यतः घरी झाले, अशा कुटुंबातून आलेल्या लेखिकेला तो परका नव्हता.

नाव दूर जाते तसतसे बेट पानाएवढे लहान दिसू लागते. घर ओळखू न येणे हे कॅमचे अज्ञान ठरविले गेले असले, तरी तोच तिच्या जाणिवेचा आरंभ आहे. घरात असताना घर म्हणजे जग होते. नावेतून ते जगातला एक ठिपका झाले.

मराठी स्त्रीच्या अनुभवात ‘माहेर’ नावाची एक जागा आहे. तेथे ती परत जाऊ शकते, पण तेथे तिचे राहणे नसते. दूर गेल्यावरच त्या घराला ते नाव मिळते. कॅमचा विवाह झालेला नाही, तरीही समुद्रावरून पाहताना तिचे घर माहेराच्या जवळ पोहोचते.

अखेरीस वडील जेम्सच्या सुकाणूची प्रशंसा करतात. कॅमच्या वाट्याला शाबासकी येत नाही. मात्र भावाला इतके दिवस नेमके काय हवे होते, ते तिला अचूक कळते. जेम्सचे प्रौढत्व पित्याच्या शब्दाने शिक्कामोर्तब होते. कॅमचे कोणाच्याही साक्षीविना घडते. कादंबरी तिचा पेच सोडवीत नाही. प्रेम आणि विरोध एकाच मनात वागविण्याचे बळ तेवढे ती तिला देते, आणि त्याची किंमतही लपवीत नाही.