शिकती द्राक्षबाग: सहा दशकांचा मागोवा

महाराष्ट्रातील द्राक्षशेती हा आधी पैसा घालून मग वाट पाहण्याचा व्यवसाय आहे. मांडवाचे लोखंडी अँगल, तारा, ठिबक, रोपे आणि मजुरी यांत एकरी लाखो रुपये अडकतात आणि त्यानंतर पहिला घड दिसतो. पुढे वर्षभराचा खर्च एकाच पिकातून, उन्हाळ्याच्या तोंडावरच्या दोन-तीन महिन्यांत वसूल करावा लागतो. एका हंगामातली चूक सुधारायला पुढचे वर्ष उजाडावे लागते. अशा धंद्यात नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुणे या पट्ट्यांतील बागायतदार सहा दशके टिकून राहिले, त्यामागे जमीन-पाण्याइतकाच सतत शिकत राहण्याचा वाटा आहे. हे शिकणे सुरळीत झाले नाही. अनेकदा आधी कष्टाने शिकलेले सोडून द्यावे लागले.

सुरुवातीच्या बागांत भोकरी, चीमा साहेबी, अनाब-ए-शाही अशा जाती होत्या. थॉमसन सीडलेस ही बिनबियांची जात रुजल्यावर बाजारपेठ बदलली आणि अडचणीही. द्राक्षावरची इंग्रजी पुस्तके प्रामुख्याने कॅलिफोर्निया आणि युरोपच्या समशीतोष्ण हवेतून आलेली. तिथे वेल हिवाळ्यात पानगळ करून झोपते आणि तिची वर्षातून एकदाच छाटणी होते. महाराष्ट्रात वेल झोपतच नाही. म्हणून इथे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी अशी दुहेरी पद्धत बसली. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात काडीच्या डोळ्यात पुढच्या पिकाचा घड तयार होतो. या दिवसांत वेलीला ऊन किती मिळाले, पाणी किती दिले आणि शेंडा कधी मारला, यावर पुढचे पीक ठरते. ही गोष्ट तयार पुस्तकातून उचलून मिळणारी नव्हती. ती इथेच, बागेत उभे राहून शिकावी लागली.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ स्थापन झाला, तो या गरजेतूनच. संघाची वार्षिक अधिवेशने, छाटणीपूर्वीची चर्चासत्रे, शिवार फेऱ्या, परदेशी तज्ज्ञांची व्याख्याने आणि अभ्यासदौरे यांनी बागायतदारांना एकमेकांच्या बागेत नेले. एकाच बाजारात माल विकणारे लोक आपल्या औषधांचे प्रमाण आणि छाटणीच्या तारखा उघड सांगतात, हे इतर धंद्यांत क्वचित दिसते.

याच काळात कोल्हापूर-सांगली भागात एक वेगळा प्रयत्न उभा राहिला. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने शेतकऱ्यांचे जाळे विणले. त्यात वर्ग नव्हते, परीक्षा नव्हती आणि पदवीही नव्हती. प्रत्येकाने आपल्या रानात एक नेमका प्रश्न घ्यायचा, मोजमाप ठेवायचे आणि निष्कर्ष पत्राने इतरांना कळवायचा. पानाचे क्षेत्रफळ, त्यावर पडणारे ऊन आणि त्यातून तयार होणारी साखर यांचा हिशेब साध्या शेतकऱ्याला मांडता येतो, हा दाभोळकरांचा विश्वास होता. तासगाव भागातील द्राक्ष बागायतदारांनी तो खरा करून दाखवला. या कामाचे मोल उत्पन्नाच्या आकड्यांपलीकडचे आहे. शेतकरी शिफारशीची वाट पाहणारा उरला नाही, तो शिफारस तपासून पाहू लागला.

या नजरेचे फळ नव्या वाणांच्या रूपाने दिसले. थॉमसनच्या बागेत एखाद्या वेलीचा किंवा फांदीचा मणी वेगळा, अधिक लांबट निघतो. बहुतेकांच्या नजरेतून ते सुटते. ज्यांनी ती काडी हेरली, वेगळी वाढवली आणि काही हंगाम पारखली, त्यांच्या हातून नवी जात तयार झाली. तास-ए-गणेश तासगाव परिसरातून आली. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि काळ्या द्राक्षांतील शरद सीडलेस दिली. राज्यातल्या हजारो एकरांवर शेतकऱ्यांनी निवडलेले वाण पसरले, ही कृषी संशोधनाच्या इतिहासातली मोठी घटना आहे. तिला मिळायला हवे होते तेवढे श्रेय अजून मिळालेले नाही.

मण्याचा आकार वाढवण्यासाठी जिबरेलिक अ‍ॅसिड, म्हणजे बागेतल्या बोलीत ‘जीए’, वापरात आले आणि बागायतदाराला रसायनशास्त्राशी जुळवून घ्यावे लागले. जीएची पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही, ती आधी अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते. १ ग्रॅम पावडर १०० लिटर पाण्यात गेली की १० पीपीएम द्रावण होते. घड पोपटी असताना कमी तीव्रतेची फवारणी देठ लांबवते. मणी ज्वारी-बाजरीएवढा झाल्यावर द्रावणाच्या मगात एकेक घड बुडवला जातो. दोन-चार दिवस मागेपुढे झाले किंवा प्रमाण चुकले, तर मणी फुगण्याऐवजी देठ कडक होतो किंवा घडात गर्दी होते. नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा भागातून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांनी हे डिपिंग आणि विरळणीचे काम इतके आत्मसात केले की आज बागायतदार त्यांच्यावर विसंबून असतो. व्यवसायाच्या ज्ञानाचा हा वाटेकरी अधिवेशनाच्या व्यासपीठावर मात्र दिसत नाही.

पाण्याची टंचाई आणि क्षारांचा प्रश्न वाढल्यावर स्वतःच्या मुळांवरच्या वेली थकू लागल्या. मग डॉगरिजसारखे खुंट आले. आधी खुंट लावायचा आणि त्यावर हव्या त्या जातीची काडी कलम करायची, ही पद्धत रूढ झाली. खुंटामुळे बाग दुष्काळात तगली, पण वेलीचा जोम इतका वाढला की तो आवरणे हे नवे काम होऊन बसले.

निर्यातीने सर्वांत कठोर धडे दिले. १९९१ मध्ये सहकारी संस्थांच्या भागीदारीतून महाग्रेप्स ही निर्यात संस्था उभी राहिली. युरोपचा ग्राहक चवीबरोबर मण्याचा व्यास, देठाचा हिरवेपणा आणि शीतसाखळी पाहतो, हे परत आलेल्या मालाने शिकवले. काढणीनंतर काही तासांत पूर्वशीतकरण करणे आणि पेटीत सल्फर डायऑक्साइडचा कागद घालणे ही नवी शिस्त होती. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले आणि प्रयोगशाळेची जोड मिळाली.

२००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त आढळले. त्यानंतर कृषी निर्यातीची केंद्रीय संस्था अपेडाने अवशेष तपासणीची पद्धत बसवली आणि २००६ मध्ये ग्रेपनेट ही संगणकीय नोंद व्यवस्था आली. बागेची नोंदणी, फवारणीची वही, प्रयोगशाळेचा अहवाल आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढण्याची सोय या सर्वांची एक साखळी झाली. ‘एमआरएल’ (अवशेषांची कमाल मर्यादा) आणि ‘पीएचआय’ (शेवटची फवारणी ते काढणी यांतले दिवस) हे शब्द गावच्या पारावर बोलले जाऊ लागले. कोणते औषध काढणीआधी किती दिवस थांबवायचे, हे तोंडपाठ असणे धंद्याची अट बनली.

तरीही २०१० मध्ये मोठा फटका बसला. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखून काडीत घड धरावा म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे ‘सीसीसी’, वर्षानुवर्षे वापरले जात होते. त्याचे अवशेष युरोपात सापडले आणि कंटेनर अडकले. भारतातल्या तपासणी यादीत तेव्हा हे रसायन नव्हते. बागायतदारांनी निष्काळजीपणा केला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ते शिकवल्याप्रमाणेच वागले होते, पण बाजाराचा नियम आणि मोजमापाची सूक्ष्मता पुढे गेली होती. एका हंगामात सीसीसी निर्यातीच्या बागांतून हद्दपार करावे लागले. वाढ आवरण्यासाठी पाणी आणि नत्र तोडणे, शेंडा मारणे आणि सबकेन, म्हणजे काडीवर उपकाडी, करणे यांवर भर द्यावा लागला.

या गुंतागुंतीतून द्राक्ष सल्लागार हा नवा व्यावसायिक तयार झाला. एकरी शुल्क घेऊन तो ठरलेल्या दिवशी बागेत फेरी मारतो. फळ छाटणीपूर्वी काडी तपासणी होते. प्रातिनिधिक काड्या प्रयोगशाळेत नेतात, पात्याने डोळ्याचे पातळ काप घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली घडाचा अंकुर आहे की नुसती बाळी, म्हणजे घडाऐवजी येणारा तंतू, हे पाहतात. कितव्या डोळ्यावर कात्री लावायची, ते त्यावर ठरते. पूर्वी हा निर्णय अंदाजाने होई आणि चुकला तर फुटीनंतरच कळे. सल्लागारालाही आता जुन्या अनुभवावर भागत नाही. बुरशीनाशकांना दाद न देणारा केवडा रोग आणि दरवर्षी बदलणाऱ्या अवशेष मर्यादा त्याला बसू देत नाहीत. ज्या बागायतदाराने सारे निर्णय सल्लागारावर सोपवले, त्याची बाग चांगली दिसली तरी त्याचे स्वतःचे शिकणे थांबले, ही या व्यवस्थेची खरी उणीव आहे.

हवामानाने गणित पुन्हा विस्कटले आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आणि २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पाऊस यांनी तयार किंवा फुलोऱ्यातील बागा झोपवल्या. २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच सुरू झाला. डोळ्यात घड तयार होण्याच्या दिवसांत ऊन मिळाले नाही आणि अनेक बागांत फळ छाटणीनंतर घडच निघाले नाहीत. प्लास्टिक आच्छादन हा एक उपाय पुढे आला आहे. त्याचा खर्च लहान बागायतदाराच्या आवाक्याबाहेर आहे. शिवाय पाने कोरडी राहिल्याने केवडा कमी झाला तरी छताखाली प्रकाश घटतो आणि भुरी रोग आणि कोळी कीड यांची चिंता वाढते. दुसरीकडे, पेटंट असलेले परदेशी वाण स्वामित्वशुल्क भरून लावले जात आहेत. त्यांना जीए आणि विरळणीचे थॉमसनवर बसवलेले वेळापत्रक लागू पडत नाही. म्हणून छाटणीची तारीख, पाणी, प्रकाश आणि फवारणी यांच्या नोंदी जुन्या बागायतदारांनीही पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला घेतल्या आहेत.