शिरूर कीं दौंड?

पुण्यांतील घरांच्या किंमती आवाक्याबाहेर गेल्यामुळें माझा पुतण्या व त्याची पत्नी शिरूर आणि दौंड या दोन गांवांचा विचार करूं लागलीं, आणि सल्ल्यासाठीं मजकडे आलीं.

दोन्ही गांवें नांदतीं. शिरूर घोडनदीच्या कांठीं, पुणें-अहिल्यानगर रस्त्यावर. आगगाडी नाहीं, पण रांजणगांवचे कारखाने जवळ. दौंड भीमेच्या कांठीं, पुण्याहून सुमारें ७५ किलोमीटर. मनमाड, सोलापूर व बारामतीचे लोहमार्ग तेथें एकत्र येतात. अष्टविनायकांपैकीं रांजणगांवचा महागणपति शिरूरकडे, तर सिद्धटेकचा सिद्धिविनायक दौंडकडे. म्हणजे देवाच्या बाबतींत पारडीं समसमान!

पुतण्या रांजणगांवीं नोकरीस. म्हणून "शिरूरच घ्या" असें सांगून मी मोकळा झालों. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. तेव्हां आमच्या मंडळींनीं विचारलें, "ती पुण्याच्या शाळेंत शिकविते, तिनें काय करावयाचें?" हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. शिरूरहून रोज एस. टी.नें पुण्यास जाणें-येणें म्हणजे तिची नोकरी सुटल्यांतच जमा. शेवटीं पुतण्याच म्हणाला, "काका, दौंडच घेऊं. ती आगगाडीनें जाईल. लांबची वाट मी पत्करतों."

घर शोधणाऱ्या दांपत्यांस एवढेंच सांगणें: किंमतीच्या जोडीनें दोघांच्याही वाटेचे तास मांडा. संध्याकाळीं बाजारांतून फिरून गांवाची जाग पाहा. उन्हाळ्यांत नळास पाणी किती येतें, तें शेजाऱ्यांस विचारा. नवी इमारत असल्यास महारेराची नोंद तपासा. आणि आम्हां वडीलधाऱ्यांनीं सल्ला देण्यापूर्वीं, जी बोलत नाहीं तिला आधीं विचारावें.