पाठीवरची हवा

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या किंवा पांढुर्ण्याच्या बाजारात जाऊन ‘पाणबुडी’ मागितली, तर दुकानदार विचारेल, किती एचपीची? संत्र्याच्या या पट्ट्यात पाणबुडी म्हणजे विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडायची मोटर. ओलिताची सारी मदार तिच्यावर. तिचा दोर तुटला, फूटव्हॉल्व्ह गाळात रुतला किंवा विहिरीत काही पडलं की गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्याला बोलावणं जातं. तो कपडे काढतो, छाती भरून श्वास घेतो, बुडी मारतो, तळाशी चाचपून दोराची गाठ मारतो आणि वर येतो. त्याच्याजवळ साधनं दोनच, एक दोर आणि दुसरी स्वतःची छाती.

मोटर काढायला एवढं पुरतं. माणूस काढायचा असतो तेव्हा बहुतेक वेळा पुरत नाही.

१४ सप्टेंबर २०२१ ला पांढुर्ण्याला लागून असलेल्या वरुड तालुक्यात, झुंज इथे, वर्धा नदीत नाव उलटली. घरातल्या मृत्यूनंतरच्या विधीसाठी आलेली, एकाच कुटुंबातली ११ माणसं बुडाली. पहिल्या दिवशी तीनच मृतदेह हाती लागले, बाकीच्यांचा शोध पुढे चालू राहिला. पावसाळ्यातली नदी, गढूळ पाणी, खडकांच्या कपारी आणि काठावर वाट बघत बसलेले नातेवाईक. अशा वेळी ‘पाणबुडे आले का?’ हा एकच प्रश्न काठावर फिरत असतो. त्या पाणबुड्यांच्या पाठीवर काय असतं, ते कसं चालतं आणि आपल्याकडे ते का नाही, हे समुद्रापासून शेकडो कोस दूर राहणाऱ्यांनाही ठाऊक असायला हवं. कान्हान, जाम आणि वर्धा या नद्या इथल्याच आहेत आणि विहीर तर प्रत्येक शेतात आहे.

पपईचा पोकळ देठ तोंडात धरून पाण्याखाली श्वास घ्यायचा खेळ लहानपणी अनेकांनी केलेला असतो. डोकं जेमतेम बुडेपर्यंत तो जमतो. मग देठाऐवजी लांब नळी घेतली तर? जमत नाही. दीड-दोन फूट खाली गेलं की पाण्याचा दाब छातीवर एवढा पडतो की ती नीट फुगतच नाही, आणि नळीतली हवा मात्र वरच्या हवेच्याच दाबाची असते. दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे ३३ फूट पाण्याखाली शरीरावर दुप्पट दाब, ६६ फुटांवर तिप्पट. श्वास घ्यायचा तर आत येणारी हवाही तेवढ्याच दाबाची हवी. पाणबुड्याच्या सगळ्या सामानाचं मूळ या एका गरजेत आहे.

ही गरज सोपेपणानं भागवणारी युक्ती सापडली ती दुसऱ्या महायुद्धात. फ्रान्समध्ये पेट्रोलचा दुष्काळ होता, मोटारी गॅसवर चालवाव्या लागत होत्या. इंजिन ओढेल तेवढाच गॅस सोडणारा एक व्हॉल्व्ह एमील गान्यान या अभियंत्यानं तयार केला होता. नौदलातल्या झाक कूस्तो यांनी त्यांना गाठलं, आणि १९४३ मध्ये दोघांनी मिळून त्याच कल्पनेवर माणसाला हवा देणारा व्हॉल्व्ह बनवला. इंजिनाच्या जागी माणसाची फुप्फुसं आली, एवढाच फरक. माणूस श्वास ओढतो तेव्हाच हवा येते, आणि येते ती भोवतालच्या पाण्याच्या दाबाची. स्कूबा म्हणतात तो हाच संच.

त्यातला हा व्हॉल्व्ह, म्हणजे रेग्युलेटर, हातात घेऊन बघण्यासारखा असतो. सिलिंडरच्या तोंडाशी बसतो तो पहिला टप्पा, पितळेचा, मुठीएवढा, हाताला जड. सिलिंडरमधला दोनशे बारचा दाब तो दहा-एक बारवर आणतो. तिथून नळीनं हवा तोंडाजवळच्या दुसऱ्या टप्प्यात येते. त्याच्या झाकणामागे रबराचा पातळ पडदा असतो. श्वास ओढला की पडदा आत खेचला जातो, त्याच्याखालची इवलीशी दांडी दबते आणि हवा सुटते. सोडलेला श्वास बाजूच्या झडपेतून बुडबुड्यांनी निघून जातो. आणि सिलिंडर नि पहिला टप्पा यांच्या सांध्यात असते एक काळी रबरी ओ-रिंग, लहान मुलीच्या बोटातल्या अंगठीएवढी. सगळा दाब तिच्या भरवशावर अडवलेला असतो. ती चिरली, कडक झाली, तिच्याखाली वाळूचा एक कण राहिला की हवा फुसफुसत बाहेर पडते. जाणता पाणबुड्या अशा दोन-चार रिंगा डबीत घालून सोबत ठेवतो.

बाकीचं सामान पाहून लगेच कळतं. कमी-जास्त फुगवता येणारं जाकीट, त्यानं पाण्यात वर-खाली होता येतं. कमरेला शिशाची वजनं, डोळ्यांवर मास्क, पायात फिन, किती हवा उरली हे सांगणारं मीटर आणि अडचणीत सोबत्याला देण्यासाठी दुसरं तोंड. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर खोली आणि वेळ मोजत राहतो.

हवा किती पुरते, याचा हिशेब आपल्याच विहिरीवर करून पाहावा. नेहमीच्या ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारनं भरलेली हवा सुमारे २,२०० लिटर होते. माणूस मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरू. ३० फूट पाणी असलेल्या विहिरीच्या तळाशी दाब जवळपास दुप्पट, म्हणून खर्चही जवळपास दुप्पट, मिनिटाला ४० लिटरच्या घरात. म्हणजे ५५ मिनिटं. त्यातली पाव हवा परतीसाठी आणि अडचणीसाठी राखायची, उरली चाळीसेक मिनिटं. गाळात हात घालून काम करणारा माणूस धापा टाकतो. त्याला यातला निम्मा वेळही मिळेल याची खात्री नाही.

या सिलिंडरला वर्तमानपत्रं सर्रास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणतात. त्यात नुसता ऑक्सिजन नसतो, साधी हवाच असते, गाळलेली, कोरडी आणि दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन सहा-सात मीटरच्या खाली विषारी ठरू शकतो, झटके येऊन माणूस पाण्यातच जाऊ शकतो. दवाखान्यातला सिलिंडर पाठीला बांधून कोणी उतरू नये, आणि दुकानदारानंही तसं काही जोडून देऊ नये, हे स्पष्ट सांगायला हवं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, कारण ती पट्टीच्या पोहणाऱ्याच्या सवयीशी भांडते. तो आयुष्यभर श्वास रोखायला शिकलेला असतो. स्कूबाचा पहिला नियम आहे, श्वास कधीही रोखू नका. तळाशी दुप्पट दाबाची हवा फुप्फुसात भरली आणि घाबरून, श्वास कोंडून माणूस वर आला, तर तीच हवा वर येता येता दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटतं. त्यासाठी शंभर फूट खोली लागत नाही, दहा-बारा फूटही पुरतात. म्हणून गावातल्या सगळ्यात धीट पोहणाऱ्याच्या हाती आणीबाणीत प्रथमच हा संच देणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. त्याचं धैर्य आणि नदीची माहिती अनमोल आहे. पण आधी त्याला शिकवलं पाहिजे.

आता हवा भरायची कुठे? पंक्चरच्या किंवा गाडी रंगवण्याच्या दुकानातला कॉम्प्रेसर चालत नाही. त्याच्या हवेत तेलाची वाफ असते, इंजिनाचा धूर शेजारीच असला तर कार्बन मोनॉक्साइडही. दाबाखाली हे विष आणखी लागतं. श्वासासाठीचा कॉम्प्रेसर वेगळा येतो, त्याला गाळण्या असतात, त्या ठरल्या तासांनी बदलाव्या लागतात, आणि हवा ओढण्याचं तोंड धुरापासून लांब ठेवावं लागतं. सिलिंडरचीही मुदतीनं पाण्याच्या दाबाची चाचणी करावी लागते आणि तिची तारीख त्याच्या खांद्यावर ठोकलेली असते. जुना संच स्वस्तात घेणाऱ्यानं आधी ती तारीख वाचावी. देशभरातल्या अशा सिलिंडरांचे नियम ज्या केंद्रीय कार्यालयाच्या अखत्यारीत येतात, त्या पेसोचं मुख्यालय दूर कुठे नाही, सौंसरहून रोज माणसं जातात त्या नागपुरातच आहे.

पोटासाठी पाण्याखाली काम करणारे पाणबुडे मात्र पाठीवरच्या हवेवर विसंबत नाहीत. धरणाचे दरवाजे, पुलांचे पाये, बंदरं, तेलाच्या पाइपलाइनी इथे काम करणाऱ्याला हवा वरून नळीनं येते. तो डोक्यावर शिरस्त्राण घालतो. हवेची नळी, बोलण्याची तार आणि खोली मोजणारी बारीक नळी एकत्र वळून केलेला जाड दोर काठापर्यंत जातो, जणू नाळच. पाठीवर एक लहान सिलिंडर असतो, पण तो नाळ तुटली तरच वापरायचा. काठावर नाळ सांभाळणारा एक, तयार होऊन बसलेला दुसरा पाणबुड्या आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणारा प्रमुख. एक माणूस पाण्यात असतो तेव्हा त्याच्यासाठी तिघं वर जागे असतात.

मुंबई हायच्या तेलक्षेत्रात खोल पाण्यात राबणाऱ्यांची तऱ्हा याहून कठीण. ते दिवसच्या दिवस जहाजावरच्या दाबाच्या कोठडीत राहतात, हेलियम मिसळलेला ऑक्सिजन घेतात, तिथूनच घंटेच्या आकाराच्या पेटीतून तळाशी कामाला जातात आणि शेवटी कित्येक दिवस घेऊन हळूहळू दाब उतरवतात. दाब एकदम उतरला तर रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात, माणूस लुळा पडतो किंवा मरतो.

हे कोडं सोडवणारे जॉन स्कॉट हाल्डेन विहिरीवाल्यांनाही माहीत असायला हवेत. १९०८ मध्ये त्यांनी शेळ्यांवर प्रयोग करून, किती खोलीवरून किती थांबत वर यावं याची कोष्टकं ब्रिटिश नौदलासाठी प्रसिद्ध केली. त्याआधी ते कोळशाच्या खाणींत उतरून तिथली मारक हवा तपासत होते. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन यांनी नौदलाच्या पाणबुडीतल्या श्वासावर स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले, १९५७ मध्ये ते भारतात येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. खाणीतली हवा आणि पाण्याखालची हवा हा वडिलांच्या लेखी एकच विषय होता. आपल्या विहिरींतही तो एकच आहे.

९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाचा गाळ भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. वाचला तो एकच, त्याच्या कमरेला दोर होता. त्यानंतर वर्षही भरलं नव्हतं, ३ एप्रिल २०२५ ला मध्य प्रदेशातच, खंडवा जिल्ह्यातल्या कोंडावत गावी गणगौरच्या विसर्जनासाठी विहीर साफ करताना आठ जण गेले. दोन्ही ठिकाणी जीव पाण्यानं घेतले नाहीत, हवेनं घेतले. सडक्या गाळातून निघणारा वायू ऑक्सिजनची जागा घेतो, एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. कुजक्या अंड्यांचा वास येऊन अचानक थांबला, तर वायू गेला असं नव्हे, नाक बधिर झालेलं असू शकतं. कंदील खाली सोडून बघायची जुनी रीत ऑक्सिजन कमी आहे एवढंच सांगते, विष आहे की नाही ते सांगत नाही, आणि पेट घेणारा वायू असेल तर कंदीलच भडका उडवतो.

अशा विहिरीत स्कूबाचा संच हा योग्य इलाज नाही. तो तोंडात धरायचा असतो, शुद्ध गेली की गळून पडतो. इथे हवा अग्निशमन दलाचा बीए सेट, ज्याचा मास्क पूर्ण चेहरा झाकतो आणि आत किंचित जास्त दाब ठेवतो, म्हणजे बाहेरचा वायू शिरत नाही. सोबत वायू मोजणारं यंत्र, विहिरीच्या काठावर तिपाई, पूर्ण अंगाचा पट्टा आणि वर ओढणारी माणसं. सामान दोन प्रकारचं आहे, पाण्यासाठी एक नि वायूसाठी एक, आणि दोन्हींचा घोळ करू नये.

पाण्यातलं काम शिकायचं तर सोय शेजारच्या महाराष्ट्रातच आहे. मालवणजवळ तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पर्यटकाला अर्धा तास मासे दाखवून आणणं वेगळं आणि गढूळ डोहात हातानं चाचपत शोध घेणं वेगळं. त्या कामात डोळे मिटल्यासारखेच असतात. पाणबुड्या दोराच्या टोकाला अर्धगोल घेत सरकतो, वरचा माणूस दर फेरीला हातभर दोर सोडतो, किती हिसक्यांचा अर्थ काय हे काठावरच ठरलेलं असतं. पण सुरुवात तारकर्लीसारख्या स्वच्छ पाण्यातच करावी लागते.

२०२३ मध्ये पांढुर्णा छिंदवाड्यापासून वेगळा होऊन स्वतःचा जिल्हा झाला. मध्य प्रदेशात हे काम होमगार्ड आणि राज्याच्या आपत्ती दलाकडे असतं. नव्या जिल्ह्याचा संसार मांडला जात असतानाच चार शिकवलेले पाणबुडे, श्वासाचा एक कॉम्प्रेसर, दोन-तीन बीए सेट, एक वायुमापक आणि एक तिपाई एवढं जिल्ह्याच्या ठिकाणी कायमचं असावं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दगडफेकीच्या गोटमारीला जामच्या काठी रुग्णवाहिका आधीपासून उभ्या करता येतात, तर हेही करता येईल. आणि कान्हानच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या पाणी ओळखणाऱ्या ढिवर-भोई पोरांना त्या चौघांत पहिला मान मिळावा.

तोवर शेतकऱ्यांना कळकळीची विनंती. विहिरीत उतरलेला माणूस हाकेला ओ देत नसेल, तर त्याच्यामागे उतरू नका. ११२ वर फोन करा, अग्निशमन दलाचा बीए सेट मागवा. आणि विहिरीत कोणीही, कितीही थोड्या कामासाठी उतरो, आधी त्याच्या कमरेला दोर बांधा आणि त्याचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात द्या.