विश्लेषण : सेवाग्रामची सपाट जमीन संगणकावर पायऱ्यांची का दिसते?

गावाचा नाला, शेते आणि टेकाडे संगणकावर त्रिमितीय दिसावीत, यासाठी लागणारा उंचीचा डेटा आता मोफत मिळतो. जलसंधारणाचे नियोजन असो वा शाळेतला प्रकल्प, अशी चित्रे उपयोगी पडतात. मात्र डेटा तयार न करता थेट सॉफ्टवेअरमध्ये टाकला, तर सेवाग्रामसारख्या सपाट भागाचे चित्र हमखास फसते. ते का?

उंचीचा डेटा म्हणजे काय?

जमिनीवर चौकटींची जाळी टाकून प्रत्येक चौकटीला एक उंची दिली, की ‘डिजिटल एलिव्हेशन मॉडेल’ अर्थात ‘डीईएम’ तयार होते. मोफत डेटातील चौकट साधारण 30 बाय 30 मीटरची, म्हणजे सातबाऱ्याच्या भाषेत 9 आर. एवढ्या जागेला एकच आकडा. त्यामुळे शेताचा धुरा किंवा बापू कुटी त्यात वेगळी दिसत नाही.

तो कुठून मिळतो?

विल्यम लॅम्ब्टन यांनी 1802 मध्ये मद्रासजवळून सुरू केलेली देशाची मोजणी दशकानुदशके चालली. त्यांचे 1823 मध्ये निधन झाले, तेही वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एंडेव्हर’ अंतराळयानाने रडारच्या साह्याने पृथ्वीवरील सुमारे 80 टक्के जमीन 11 दिवसांच्या मोहिमेत मोजली. तो डेटा ‘एसआरटीएम’ नावाने ओळखला जातो. ‘इस्रो’ने 5 मे 2005 रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-1 उपग्रहाच्या दोन कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांतून ‘कार्टोडीईएम’ तयार झाले. ते ‘भुवन’ पोर्टलवर मिळते.

एसआरटीएमची प्रत्येक फाइल एक अंश अक्षांश बाय एक अंश रेखांशाची असते. सेवाग्रामसाठी ‘एन20ई078’ ही एक फाइल पुरते. संपूर्ण वर्धा जिल्हा हवा असेल, तर मात्र तीन फाइली जोडाव्या लागतात.

तयारी कशी करायची?

‘क्यूजीआयएस’ हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसे आहे. आधी फाइली जोडायच्या. मग रिकाम्या चौकटी भरायच्या. जुन्या एसआरटीएम फाइलींत अशा जागी उणे 32768 हा आकडा असतो. तो तसाच राहिला, तर चित्रात अथांग खड्डा पडतो.

पुढची पायरी प्रक्षेपण बदलण्याची. मूळ फाइलीत आडवे अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये असते. सॉफ्टवेअरने दोन्ही एकाच मापात धरले, की जमिनीऐवजी सुयांचे रान उभे राहते. म्हणून फाइल ‘यूटीएम’ पद्धतीत, म्हणजे मीटरमध्ये आणावी. पुणे-मुंबईला विभाग 43 चालतो. 78 अंश रेखांशाच्या पूर्वेकडील सेवाग्रामला विभाग 44 लागतो. शेवटी हवा तेवढा भाग कापून घ्यावा.

मग पायऱ्या कशामुळे?

एसआरटीएममध्ये उंची पूर्ण मीटरमध्येच नोंदलेली असते. सह्याद्रीच्या कड्यावर एक मीटर कुणाला जाणवत नाही. पण सौम्य उताराच्या शेतात सलग कितीतरी चौकटींना एकच आकडा मिळतो आणि मग अचानक एक मीटरची उडी येते. त्याच या पायऱ्या. प्रक्षेपण बदलण्यापूर्वी आकडे दशांशात रूपांतरित करावेत, ‘क्युबिक’ पद्धत निवडावी आणि शेवटी हलके गुळगुळीत करावे.

उंचीची प्रतिमा 8 बिटमध्ये साठवली, तरी पायऱ्या परततात. समजा, निवडलेल्या भागात 200 ते 500 मीटर उंची आहे. 8 बिटमध्ये 256 छटा मिळतात, म्हणजे प्रत्येक पायरी सुमारे 1.2 मीटरची. 16 बिटमध्ये 65,536 छटा असतात आणि पायरी अर्ध्या सेंटीमीटरहून लहान होते.

दोन डेटा एकत्र वापरता येतील?

थेट नाही. एसआरटीएमची उंची समुद्रसपाटीच्या जवळ जाणाऱ्या संदर्भपातळीवरून मोजलेली असते, तर कार्टोडीईएमची पृथ्वीच्या गणिती आकारावरून. आपल्याकडे या दोन पातळ्यांत 50 मीटरहून अधिक फरक आहे. संदर्भ एक न करता फाइली जोडल्या, तर सांध्यावर कडा तयार होतो.

चित्रावर किती विश्वास ठेवायचा?

कार्टोडीईएमच्या उंचीत साधारण 8 मीटरपर्यंत चूक गृहीत धरली जाते. शिवाय रडार आणि कॅमेरा दोघेही दाट झाडीचा वरचा भाग टिपतात. त्यामुळे आश्रमातील झाडी टेकाडासारखी भासू शकते. त्यात उठाव दिसावा म्हणून उंची पाचपट ताणली, तर नसलेला उतारही खरा वाटतो. ग्रामसभेत पडद्यावर दाखवलेले चित्र पटकन पटते आणि बांध चुकीच्या जागी गेला, तर पैसा आणि पावसाळा दोन्ही वाया जातात. म्हणून उंची किती पट ताणली, हे चित्रावरच लिहावे. शिवाराची ओळख करून घ्यायला चित्र उत्तम. पण बांधाची जागा ठरवताना शिवारात हायड्रोमार्कर लावून उतार मोजणे हाच मार्ग.